पऱ्हाट्यांच्या आडून

कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरायचे दिवस आले, की आमच्या पुलगावच्या घरात एक ठरावीक वास पसरतो. ओल्या वाळ्याचा, गंजलेल्या जाळीचा, आणि वर्षभर आत कोंडून राहिलेल्या धुळीचा. शाळांमध्ये परीक्षा चाललेल्या असतात. नाचणगावच्या वाटेवरचा पळस फुलून झडलेला असतो आणि कडुलिंबाखाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. दुपार चढली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कुणाला या दिवसांत आंबे आठवतात, कुणाला मामाचं गाव. माझ्या उजव्या खांद्याला एक वजन आठवतं. कॅनव्हासचा रुंद पट्टा, आणि त्याला लटकलेली, चालताना कमरेवर हलकेच आपटत राहणारी एक जड, काळी लेन्स.

लेन्स माझी नव्हती. माझ्या नणंदेची होती, कुंदाताईची.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात चारच माणसं. सासूबाई, खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे माझे यजमान, त्यांची धाकटी बहीण कुंदाताई, आणि मी. कुंदाताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. वयानं त्या मोठ्या, नात्यानं मी मोठी. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणायचो आणि बेतानंच बोलायचो. त्यांच्याकडे फिल्मचा एक जुना कॅमेरा होता. मिळेल त्या रविवारी त्या तो घेऊन कुठंतरी जायच्या, आणि महिन्याकाठी धुऊन आलेले फोटो जेवणाच्या खोलीत पसरून बसायच्या. फोटोंत असायचं मोठ्ठं आभाळ, मोठ्ठं शेत, आणि मधोमध एक ठिपका.

“हे काय हाये, कुंदे? माशी बसली का फोटोवर?” सासूबाई विचारायच्या.

“रोही हाये, आई. पाठमोरा हाये.”

नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. घोड्याएवढं ते जनावर कुंदाताईंच्या फोटोत मुगाच्या दाण्याएवढं असायचं. कॅमेऱ्याला जी साधी लेन्स होती ती माणसांचे फोटो काढायला ठीक. रानातलं जनावर तेवढं जवळ येऊ देत नाही. आम्ही सगळे हसायचो, त्याही हसायच्या. पण फोटो गोळा करताना प्रत्येक ठिपक्यावर त्यांचा अंगठा क्षणभर थांबायचा, हे मी पाहत असे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी हिवाळ्यात कुंदाताईंचं लग्न ठरलं. स्थळ रायपूरचं, लोखंडी सामानाचं दुकान, माणसं सालस. लग्न वैशाखाच्या शेवटी. शालूची खरेदी निघाली, तेव्हा कुंदाताईंनी भावाला सांगितलं, “दादा, शालू राहू द्या. मले एक लेन्स पाह्यजे.”

यजमान शांत माणूस. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. “लग्नात लेन्स घालून बसशीन का?”

“आईचा शालू हाये नं. तोच घालीन.”

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. पण लेकीनं आपला शालू मागितला हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि तो विषय तिथंच संपला. नागपूरला सोबत कोणी जायचं, तर वहिनींनी. मी पहिल्यांदा कुंदाताईंसोबत कुठं गेले ती अशी.

नागपूरच्या बर्डीवर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते दुकान होतं. दुकानदार म्हातारा, बोलायला हिंदी-मराठी मिसळून. त्यानं काउंटरवर मखमली कापड पसरलं आणि तीन लेन्स ओळीनं ठेवल्या. एक हलकी, नवीकोरी, चकचकीत. एक लांबलचक, सरळ चारशे मिलिमीटरची, मागेपुढे न होणारी. आणि एक शंभर ते तीनशेची, वापरलेली. कुणा वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं विकलेली, कडांचा रंग उडून आतलं पितळ दिसू लागलेली.

मला वाटलं होतं, दोन मिनिटांत काम होईल. कुंदाताई पहिली लेन्स कॅमेऱ्याला लावून गॅलरीत गेल्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर घारी बसल्या होत्या. त्यांनी तिथं रोखून धरलं, नळी पुढे सरकवली, मागे घेतली, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “पाहा. पुढे नेली की काय होते?”

मी पाहिलं. घार जवळ आली. पण जसजशी जवळ येत गेली, तसतसा उजेड कमी होत गेला, कुणी खिडकीचा पडदा ओढावा तसा.

“सकाळच्या उजेडात ही कामाची नाई,” त्या म्हणाल्या. “जनावरं दिवस वर येण्याच्या आधी पाण्यावर येते.”

चारशेची लावली, तर मला घारच सापडेना. टाकीचा पत्रा दिसे, आभाळ दिसे, पुन्हा पत्रा. सापडली तेव्हा नुसतं डोकं आणि चोच. आणि ती उडून आमच्याकडे आली, तेव्हा काहीच दिसेना. “हिच्यात जनावरानं आपल्यापासून ठरलेल्या जागी उभं राह्यलं पाह्यजे,” कुंदाताई म्हणाल्या. म्हातारा हसला.

तिसरी लेन्स जड होती. पण नळी शेवटपर्यंत नेली तरी उजेड तेवढाच राहत होता. मागे घेतली की टाकी, इमारत, तारा, सगळं हजर. पुढे नेली की घारीच्या मानेवरची पिसं वाऱ्यानं उलटी होताना दिसत. कुंदाताई ती डोळ्याला लावून इतका वेळ उभ्या राहिल्या, की त्यांचे हात थरथरायला लागले.

“बेटी, वजनी है,” दुकानदार म्हणाला. “दिनभर उठा पाओगी?”

“वहिनी हायेत सोबत,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. पण त्या घरात दोन वर्षं काढल्यानंतर कुणीतरी मला पहिल्यांदा आपल्या कामात धरलं होतं. परतीच्या गाडीत लेन्सची पिशवी माझ्या मांडीवर होती. मी ती खाली ठेवली नाही.

त्यानंतरचे रविवार. पहिला पवनारला, धाम नदीच्या पात्रात. पाणी ओसरून काळे खडक उघडे पडलेले, आणि त्या खडकांवर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. पलीकडे बाया धुणं धूत होत्या, आणि त्या आवाजाची त्या पक्ष्यांना सवय झालेली. कुंदाताईंनी एक अख्खा रोल तिथं संपवला. आम्ही येताना यष्टीत शेंगा खाल्ल्या, फार आनंदात होतो. रोल धुऊन आला, तर एकही फोटो धड नव्हता. पाणकावळे मोठे आले होते, पण प्रत्येकाला दोन-दोन चोची. सगळे हललेले.

कुंदाताईंनी फोटो गोळा करून ठेवले. जेवल्या, भांडी घासू लागल्या. मग रात्री फोटोग्राफीचं पुस्तक घेऊन बसल्या आणि सकाळी मला म्हणाल्या, “लेन्स जेवढी लांब, तेवढा हात जास्त हालते. आपल्याले वाटते आपण स्थिर हावो. ते तीनशेवर नेलं की समजते.”

मी शिवणकाम जाणत होते. खताच्या पोत्याआतलं जाड कापड घेतलं, उशीच्या निम्म्या आकाराची पिशवी शिवली, आणि जिनिंगमधून आणलेली सरकी तिच्यात भरली. पिशवी दगडावर ठेवायची, लेन्स तिच्यात रुतवून बसवायची. सरकी बरोबर तेवढीच दबते, आणि मग लेन्स जागची हलत नाही. एका जुन्या, मातकट रंगाच्या लुगड्याचा तुकडा कापून लेन्सला अंगरखा शिवला, म्हणजे उन्हात चमकणार नाही आणि धातू तापून हाताला चटका बसणार नाही. कॅमेऱ्याचा खटका वाजतो म्हणून त्यावर गुंडाळायला यजमानांचा दुपट्टा घेतला. ते म्हणाले, “माझ्या बहिणीपायी माझा दुपट्टा बी गेला.” पण दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांनी नवाकोरा रोल आणला आणि न बोलता टेबलावर ठेवला.

मग बोरच्या जंगलाकडे गेलो. धरणाच्या बाजूला, सागाची पानं झडून रान पार उघडं झालेलं. पायाखाली पानं अशी वाजत, की आपणच आपल्याला दूर हाकलतो आहोत असं वाटे. तिथं मला कळलं, की उन्हं वर आली की लेन्स कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो. जमिनीतून झळा उठतात, आणि दूरचं चितळ पाण्याखाली उभं असल्यासारखं थरथरतं. त्या झळा डोळ्याला दिसत नाहीत, पण लेन्स त्याही जवळ आणून दाखवते. कुंदाताई त्या वेळी कॅमेरा झाकून ठेवायच्या आणि नुसतं बसायच्या. मला आधी वाटायचं, आता निघावं. मग मीही बसायला शिकले. घरात बाई कधी नुसती बसत नाही. काहीतरी निवडत, शिवत, चिरत बसते. हातात काही नसताना, कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसणं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा त्या चैत्रात केलं.

“तुम्हाले काऊन लांडगाच पाह्यजे?” मी एकदा विचारलं. कारण त्यांचं सारखं तेच चालायचं. लग्नाच्या आधी एक लांडगा.

“वाघाच्या मागे सगळे हायेत,” त्या म्हणाल्या. “लांडग्याकडं लोक पाह्यते ते दगड मारण्यापुरतं. त्याचं तोंड कसं असते ते कोणाले माहीतच नाई.”

आष्टीला त्यांची मावशी होती. संत्र्याची बाग, थोड्या बकऱ्या, आणि बागेच्या मागे चढत गेलेला गवताळ माळ. कॉलेजला सुट्टी लागली, लग्नाला काहीच आठवडे उरले, आणि मावशीला केळवण करायचं होतं. त्या निमित्तानं आम्ही दोघी यष्टीनं आष्टीला गेलो. पिशवीत साड्या वर, लेन्स खाली.

गेलो त्याच्या आदल्या दिवशीच मावशीच्या यजमानांची, मावसाजींची, एक पाठ लांडग्यानं नेली होती. पाठ म्हणजे अजून न व्यालेली लहान बकरी. मावशीनं ती बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मावशी तेव्हापासून नीट जेवली नव्हती. मावसाजी उंच, काटक, कमी बोलणारे. कुंदाताईंनी भीतभीतच माळावर बसायचं विचारलं, तर ते म्हणाले, “बस नं. वरच्या नाल्यात अजून थोडं पाणी हाये. तिथंच येत असन ते.”

आणि त्यांनी स्वतः बैलगाडीत पऱ्हाट्या भरल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली ती वाळकी झाडं, सरपणासाठी रचून ठेवलेली. नाल्याच्या काठावर दगडांच्या आडोशाला त्यांनी पऱ्हाट्या उभ्या रोवल्या, वर आडव्या टाकल्या, आणि लेन्स बाहेर काढायला बेताची फट ठेवली. घरातल्या लेकीबाळींसाठी सावली करावी तसं ते त्यांनी जीव लावून केलं. काम झाल्यावर हात झटकत म्हणाले, “दिसला तर मले सांगजो, पोरी. कोणत्या अंगाले जाते ते पाह्यजो. खोरीत कुठं तरी त्याचं घर असन. आम्ही चार जण जाऊन धूर करतो अन् निकाल लावतो.”

कुंदाताई म्हणाल्या, “सांगीन.”

पहाटे अंधुक असतानाच आम्ही निघायचो. पऱ्हाट्यांना वाळलेल्या कापसाचा वास असतो, थोडा कडवट, थोडा उबदार. कुठं कुठं बोंडाच्या टरफलात कापसाची एखादी पाकळी अडकून राहिलेली, ती वाऱ्यानं हलायची. आत दोघींनाच पुरेल एवढी जागा. गुडघ्याला गुडघा लागायचा. कुजबुजून बोलावं लागायचं, आणि कुजबुजताना माणूस ‘तुम्ही’ म्हणू शकत नाही. कधी आणि कुणी सुरू केलं आठवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी आम्ही एकमेकींना ‘तू’ म्हणत होतो.

“वहिनी, तू आलीस तेव्हा तुले कसं वाटलं होतं?” कुंदानं एकदा विचारलं. डोळा कॅमेऱ्यालाच.

“घराचे आवाज समजत नव्हते,” मी म्हटलं. “म्हणजे दार वाजलं तर कोणतं वाजलं, ते समजे नाई. कोण उठलं, कोण रागावलं. माहेरी आवाजावरून सगळं समजते.”

“मंग कवा समजलं?”

मी विचार केला. “आत्ता आत्ता.”

तिनं लेन्सचा अंगरखा सारखा केला. मग म्हणाली, “रायपूरवाला चांगला माणूस हाये. मले भेव त्याचं नाई वाटत. मले वाटते, मी तिथं चांगली राहीन, अन् हे सारं भुलून जाईन.”

भुलणार नाहीस, असं म्हणणं सोपं होतं. पण मी स्वतः माहेरची किती गाणी विसरले होते.

मोर आले, ससा आला, तित्तिर तर आमच्या पायाशी येऊन गेले. लांडगा आला नाही. शेवटची सकाळ उरली. दुपारच्या गाडीनं आम्हाला परतायचं होतं, घरी लग्नाचा मांडव घालायचा होता.

त्या सकाळी ती आली. आधी काहीच नव्हतं आणि मग ती होती, नाल्याच्या पलीकडच्या काठावर, वाळक्या गवताच्याच रंगाची. मादी होती. मी कल्पना केली होती त्यापेक्षा कितीतरी लहान आणि हडकुळी. उन्हाळ्यानं अंगावरचे केस जागोजागी झडलेले, फासळ्या मोजता याव्यात अशा. ती उभी राहून वाऱ्याचा वास घेत होती. कुंदाचा श्वास थांबलेला मला जाणवला. तिनं नळी पुढे सरकवली, शेवटपर्यंत. दुपट्ट्याच्या आत खटका दबक्या आवाजात वाजला. मादीचे कान आमच्याकडे वळले. तिनं सरळ आमच्याकडे पाहिलं. पुन्हा खटका.

मग ती पाण्यावर उतरली, आणि तिच्या मागून, गवतातून, दोन पिल्लं आली. पाय मोठे आणि अंग लहान, आपल्याच पायांत अडखळणारी. एक पाण्यात उतरलं, दुसऱ्यानं त्याची शेपटी तोंडात धरली. कुंदानं नळी मागे घेतली. हळूच, अगदी हळूच. मग ती बाजूला सरकली, माझं डोकं हातानं धरून कॅमेऱ्याशी नेलं आणि कानात म्हणाली, “तू पाह्य.”

मी पाहिलं. तिघं, पाणी, वरचा, अजून उजेड न आलेला माळ. मी नळी पुढे केली, तशी मादी जवळ आली, इतकी जवळ की तिच्या हनुवटीवरून पडणारे थेंब दिसले. डोळे पिवळट, थकलेले. पाणी पितानाही ती पिल्लांकडे पाहत होती. रात्रभर जागलेल्या बाईसारखी दिसत होती ती.

ती पिल्लांना घेऊन नाल्याच्या वळणानं वर गेली, खोरीकडे, त्या अरुंद घळीकडे. आम्हाला वाट स्पष्ट दिसली. दोन दगडांच्या मधून, बोरीच्या झुडपाच्या डाव्या अंगानं. कुणी विचारलं असतं तर मी आजही दाखवली असती.

कुंदा मागे सरकून बसली. मला वाटलं, ती हसेल किंवा रडेल. तिनं रोल गुंडाळून काढला, डबीत घातला, डबी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, “वहिनी, आपल्याले कोणी दिसलं नाई.”

मला कळायला एक क्षण लागला. ज्या फोटोसाठी तिनं शालू सोडला, तो तिला मिळाला होता, आणि तो ती कुणालाही दाखवू शकणार नव्हती. दाखवला की ‘कुठं, कसा’ निघणार होतं, आणि मग धूर.

“नाई दिसलं,” मी म्हटलं.

जेवताना मावसाजींनी विचारलं, “आज बी नाई?”

“मोर होते. अन् ससा,” कुंदाताई म्हणाल्या. ताटातल्या भाकरीकडे पाहत.

“अजून दोन दिस थांबली असती तर दिसला असता,” ते हळहळले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. बाहेर गोठ्यात पाठीची रिकामी दोरी खुंटीला तशीच होती.

लग्नात कुंदाताई आईच्या शालूत फार सुंदर दिसत होत्या. आहेर द्यायला मावसाजी आले, डोक्यावर हात ठेवला, आणि हसून म्हणाले, “तुया लांडगा काही दिसला नाई शेवटी.” कुंदाताई म्हणाल्या, “नाई नं, मावसाजी.” मी शेजारी उभी होते. चुड्यानं भरलेल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं, आणि मावसाजी गर्दीत दिसेनासे होईपर्यंत सोडलं नाही.

रोल मी नागपूरला नेऊन धुऊन घेतला. पुलगावात कुणी पाहायला नको म्हणून. दोन फोटो सुरेख आले होते. एक तिच्या तोंडाचा, सरळ पाहणारा. दुसरा लांबून, त्यात माळ, पाणी आणि तिघं. रायपूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाकीट पाठवलं. एक-एक प्रत माझ्या पेटीत, साड्यांच्या घडीत ठेवली.

लेन्स त्यांनी नेली नाही, कॅमेराही नाही. निघायच्या दिवशी सामान बांधताना माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, “तिथं नेली तर कपाटात पडून राहीन. तुम्ही वापरजा.” पुन्हा ‘तुम्ही’. खोलीत मावश्या-आत्या होत्या.

मी वापरली. पहिल्यांदा यजमानांना सोबत नेलं, मग ते कंटाळले, मग मी एकटी जाऊ लागले. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण मी आणलेले फोटो लेकीला पाठवले जातात म्हणून सोडून दिलं. धाम नदीवरचे चक्रवाक, पुलगावच्या पुलाखालचे खंड्या, बोरचा रोही. हा मात्र तोंडाचा, मुगाच्या दाण्याएवढा नाही. रविवारी फोन यायचा. दिवाणखान्यात सगळ्यांच्या समोर बोलणं. तब्येत, लोणचं, पाऊस. मग शेवटी एक वाक्य, “काय पाह्यलं?” आणि मी चार शब्दांत सांगायची. पुढे त्यांना मुलगी झाली, सासरे आजारी पडले, दुकान वाढलं. “काय पाह्यलं?” कधी राहून जाऊ लागलं.

एका पावसाळ्यात लेन्सच्या काचेआत बुरशी धरली. उजेडाकडे धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे. मी तांदळाच्या डब्यात ठेवली, उन्हात ठेवली, शेवटी नागपूरला नेली. बर्डीवरचं ते दुकान आता त्या म्हाताऱ्याचा मुलगा चालवत होता. त्यानं उघडून पुसून दिली, पण एका कडेला डाग राहिला. तेव्हापासून त्या लेन्सचे फोटो किंचित मऊ येतात, पहाटेचं धुकं असल्यासारखे. मग रोलच मिळेनासे झाले.

मधे एकदा कुंदाताई उन्हाळ्यात माहेरी आल्या, लेकीला घेऊन. आम्ही आष्टीला गेलो. मावसाजी थकले होते. बकऱ्या विकून टाकल्या होत्या, आता सांभाळायला कोणी नव्हतं. चहा झाल्यावर कुंदाताईंनी पर्समधून फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मला त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं.

मावसाजींनी चष्मा लावला. फोटो दूर धरला, जवळ धरला. पिल्लांवर बोट ठेवलं.

“त्याच साली?”

“त्याच साली. शेवटच्या दिवशी.”

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. बागेत कुठं तरी पाण्याची मोटार सुरू होती, तिचा आवाज येत होता. मग म्हणाले, “किती वाळली होती वो ही.” फोटो मावशीकडे दिला. “पाह्य. लेकराची माय होती.” मावशीनं पाहिला, परत दिला, आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून वाटीत साखर घालण्याचा आवाज आला. जाताना मावशीनं कुंदाताईंच्या पिशवीत रव्याचे लाडू घातले आणि फोटोचं नाव काढलं नाही.

माळाचा खालचा भाग नांगरला गेला होता, एका अंगाला मुरुमाची खाण. आम्ही वरच्या टोकाला जाऊन बसलो. कुंदाताईंनी लेन्स मांडीवर घेतली, अंगरख्यावरून हात फिरवला, डोळ्याला मात्र लावली नाही. “आमच्या गच्चीवरून टाक्याच टाक्या दिसते,” त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या केसातले कुसळ काढत राहिल्या. त्या दिवशी काही आलं नाही. आम्हीही आडोसा केला नव्हता.

आता माझ्याकडे मोबाइल आहे. माळाच्या टोकावर उभं राहिलं की त्याला रेंज येते. या वर्षी कूलरचं गवत बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आष्टीला आले, मावशीकडे मुक्काम केला, आणि आज उजाडताना एकटीच वर आले. लेन्स पिशवीतच होती. फोन लावला. रायपूरला तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“कुठं हायेस?”

“माळावर.”

तिनं श्वास घेतला तो ऐकू आला. मागे कुकरची शिट्टी, भांडं पडल्याचा आवाज, कुणी तरी चहा मागत होतं.

“काय हाये?”

“काही नाई. दिवस वर यायचा हाये.”

तेवढ्यात खालच्या नांगरटीतून टिटवी उठली आणि ओरडत माझ्या डोक्यावरून गेली. पलीकडून दुसरी ओरडली.

“टिटवी नं?” कुंदा म्हणाली.

“हो. दोन हायेत.”

फोनमध्ये पुन्हा कुणी हाक मारली, या वेळी तिचं नाव घेऊन.

“तुले बोलावून राह्यले,” मी म्हटलं. “ठेवू का?”

“नको ठेवू. बोलू बी नको.”

मी फोन कानापासून काढला आणि माळाकडे धरला.